बाभळीखालचा घास

सोजरबाईंना अक्षर येत नव्हतं, पण मोबाईलवाचून त्यांचं पान हलत नव्हतं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत दुपारची भांडी झाली की त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या, पुढ्यात ज्वारीचं सूप घ्यायच्या, मोबाईल तांब्याला टेकवून उभा करायच्या आणि गोष्ट लावायच्या. चॅनलचं नाव 'काळजातल्या गोष्टी'. त्यात माणूस कुणी दिसायचं नाही. पदरात तोंड लपवून रडणाऱ्या बाईचं एक चित्र, मागं काहीतरी रडकं वाजणारं, आणि यंत्रानं काढलेला बाईचा गोड आवाज. खऱ्या बायकांची खरी दुःखं म्हणे. ती कुठून आणायचे, कुणाला विचारून आणायचे, हे विचारायची कुणाला पडलीय? लाखांनी माणसं ऐकत होती, त्यातल्या एक सोजरबाई.

ऐकायच्या आणि भडकायच्या. गोष्ट पुरी होईस्तोवर दम धरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. निम्म्यात थांबवायच्या आणि सुनेला हाक मारायच्या, "उत्कर्षा, ये हिकडं. लिव्ह."

मग उत्कर्षानं हातातलं काम टाकून यायचं आणि गोष्टीखाली सासूच्या नावानं लिहायचं. "लिव्ह, त्या सासूला म्हणावं, तुजी बी लेक कुणाच्या तरी घरात सून हाय. लिवलीस? आता वाच, बाकीच्या बाया काय म्हंत्यात." उत्कर्षा वाचायची. सोजरबाई खडे निवडत मान हलवायच्या, "बरुबर हाय की. शानी हाय ही बाई." असा रोज दुपारी अर्धा तास त्या घरात जगातल्या समद्या सुनांना न्याय मिळायचा. घरातली एक सोडून.

सोजरबाई वाईट होत्या असं मात्र कुणी समजू नये. सासूला त्या घरात आत्या म्हणायची पद्धत, आणि ह्या आत्या उत्कर्षाला टायफॉईड झाला तेव्हा सोळा दिवस तिच्या उशाशी बसून होत्या. पण दोन गोष्टींत त्या कुणाच्या बापाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. कपाटाची किल्ली आपल्या कमरेला आणि सुनेचा पाय उंबऱ्याच्या आत. गेलेल्या सासऱ्यांच्या त्या लोखंडी कपाटात दुधनीच्या शेताचे उतारे होते, चार दागिने होते आणि उत्कर्षाची बी.ए., बी.एड.ची सर्टिफिकेटं होती. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सर्टिफिकेटं आत गेली. "कागूद सांबाळायला बी अक्कल लागती," सोजरबाई म्हणाल्या होत्या, आणि उत्कर्षाला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

नवरा ऋतुराज मोबाईल टॉवरच्या देखभालीच्या कामाला. आज अक्कलकोट, उद्या मोहोळ. माणूस गोड. बायकोला म्हणायचा, "आईला दुखवू नको, बाकी तुला काय पाहिजे ते कर की." आईला न दुखवता काय करता येतं, ते मात्र तीन वर्षांत त्याला एकदाही सांगता आलं नव्हतं.

तर उत्कर्षानं काय केलं, मोबाईलवरच अभ्यास केला. कुकरच्या शिट्ट्या मोजत बालमानसशास्त्र वाचलं. मामेबहिणीचा साखरपुडा आहे असं सांगून शिक्षक भरतीची परीक्षा दिली. 'बँकेत दाखवायचीत' म्हणून सर्टिफिकेटं मागून घेतली, पडताळणी करून आणली, आणि संध्याकाळी आत्यांनी हात पुढं केल्यावर मुकाट्यानं परत दिली. तिथंच चुकलं म्हणा, पण तेव्हा नेमणूक कुठं झाली होती? ती फेब्रुवारीत झाली. जेऊरच्या पलीकडं एक जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक, एकेचाळीस मुलं. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत मूळ प्रमाणपत्रांसह रुजू व्हायचं, नाहीतर नाव यादीतून खाली. तिनं तो आदेश मोबाईलवर इतक्या वेळा वाचला की आपल्या नावापुढं 'श्रीमती' आहे की 'सौ.' हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

सांगायचं कुणाला? 'चुलीपल्याड' नावाचा बायकांचा एक ग्रुप होता. चाळीस हजार बायका. नाव न देता लिहायची तिथं सोय होती. उत्कर्षा वर्षभर नुसती वाचत होती. कुणी नवऱ्याचा मार लिहायचं, कुणी मूल नको म्हणून लिहायचं, आणि खाली चाळीस ठिकाणच्या बायका धीर द्यायच्या. एकमेकींचं तोंड न बघितलेल्या बायका! तिला ते घरापेक्षा घर वाटायचं. मुदतीच्या आठवडाभर आधी, सोमवारी दुपारी सोजरबाई डोळा लागून पडल्या होत्या, तेव्हा तिनं लिहायला घेतलं. नवऱ्याला ड्रायव्हर केलं, सोलापूरचं नागपूर केलं, किल्लीचं आणि नेमणुकीचं मात्र खरं लिहिलं.

लिहून झालं आणि तिनं ते वाचून बघितलं. तर सासू अगदी राक्षसीण दिसत होती. उत्कर्षाला ते सोसेना. सोळा दिवस उशाशी बसलेल्या बाईचं हे असं चित्र? म्हणून, केवळ आत्यांवर अन्याय नको म्हणून, तिनं शेवटी पाच ओळी वाढवल्या. त्या पाच ओळींनी घात केला.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, दुधनीच्या शेतात सगळे जायचे. कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, आंबिलाचं मडकं, शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. नैवेद्य झाला की कुणाचंही पान वाढायच्या आधी सोजरबाई भज्जीचा पहिला घास हातात घेऊन बांधावरच्या बाभळीकडं जायच्या. माणसांना वाटायचं, कुठल्या तरी देवाला ठेवत असतील. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला उत्कर्षा पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागोमाग गेली, तेव्हा तिनं ऐकलं. बाभळीच्या बुडाशी घास ठेवून सोजरबाई त्यांच्या माहेरच्या कन्नडात म्हणाल्या, "तिन्नवा, निंगी." खा गं बाई, निंगी. निंगव्वा त्यांची पहिली लेक. दोन महिन्यांची होऊन गेली, तिथंच मातीत ठेवलेली. त्या मागं वळल्या, सुनेला बघितलं, आणि पदरानं तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, "ऋतूला एक भन हुती एवढंच ठावं हाय. ह्ये न्हाय. आता तुला ठावं झालं, तुज्यापाशीच ठेव."

हे तिनं लिहिलं. 'माझ्या सासूबाई वाईट नाहीत' असं म्हणून लिहिलं. निंगीचं नावसुद्धा तसंच ठेवलं, कारण ते बदलताना तिला कसंतरीच झालं.

वीस मिनिटांत एकीनं खाली विचारलं, 'ताई, नागपूरला कुठली येळवस? तुम्ही आमच्याकडच्याच की, सोलापूर का लातूर?' उत्कर्षानं त्या पाचही ओळी तिथल्या तिथं पुसल्या. बाकीची पोस्ट राहिली, आणि तिच्याखाली सहाशे बायकांनी लिहिलं, 'जा ताई.' 'घाबरू नका, जा.' 'आम्ही आहोत.' तीन दिवस उत्कर्षा भाकरी थापताना मनातल्या मनात गाणं म्हणत होती. रविवारी ऋतुराज घरी असेल, तेव्हा दोघांपुढं सांगायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी दुपारी ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. सोजरबाईंनी गोष्ट लावली. 'माझी नेमणूक झाली आहे,' गोड आवाज म्हणाला, 'पण माझी प्रमाणपत्रं सासूबाईंच्या कपाटात आहेत आणि किल्ली त्यांच्या कमरेला आहे.'

उत्कर्षाच्या हातातला शर्ट हातातच राहिला. तिचीच वाक्यं. स्वल्पविरामासकट तिची.

"अगं बया!" सोजरबाईंनी सूप बाजूला सारलं. "किल्ली कमरंला लावून बसलीया म्हनं! पोरीनं शिकायचं, पास व्हायचं, आन हिनं किल्ली लावून बसायचं? सासू हाय का जेलर?" बोलताना त्यांच्या कमरेची किल्ली सुपाच्या कडेला लागून वाजली. त्यांना ती ऐकूही आली नाही. त्यांनी गोष्ट थांबवली. "उत्कर्षा, लिव्ह."

"काय लिहू?"

"लिव्ह. जा गं बाई. कुनाची वाट बघतीस? सासू दोन दिस रडंल आन गप बसंल. किल्ली काडून घे आन जा. माज्यासारकं चुलीम्होरं म्हातारी हू नगंस."

उत्कर्षानं लिहिलं. तीन वर्षांत ह्या बाईनं आपल्याला एवढं चांगलं कधी काही सांगितलं नव्हतं, आणि आता सांगत होती ते नागपूरच्या कुणा ड्रायव्हरच्या बायकोला. तरी तिच्या छातीत आनंद मावेना. आत्ताच सांगावं. रविवार कशाला? आत्ताच.

"आत्या," ती म्हणाली, "ती बाई कोण हाय माहिताय का..."

"थांब, म्होरलं ऐकू दे," म्हणून सोजरबाईंनी बटण दाबलंसुद्धा.

'माझ्या सासूबाई वाईट नाहीत,' आवाज म्हणाला. मागचं रडकं वाजणं जरा वाढलं. त्या पाच ओळी! उत्कर्षानं वीस मिनिटांत पुसल्या होत्या, त्याच्या आधीच त्या मेल्यांनी उचलल्या होत्या. यंत्रानं येळवस सांगितली, बाभळ सांगितली, आणि मग कसलंही वळण नसलेल्या आवाजात म्हटलं, 'तिन्नवा, निंगी.'

गोष्ट संपली, जाहिरात लागली, कसल्याशा साबणाची, तीही संपली. मग सोजरबाईंनी हात लांब करून मोबाईल पालथा घातला.

"किती लोकांनी ऐकलंय ह्ये?"

"आत्या, मी..."

"किती लोकांनी?"

उत्कर्षानं बघितलं. "बेचाळीस हजार."

"बेचाळीस हजार," सोजरबाई म्हणाल्या. "चाळीस वरसं मी त्या घासाचं ऋतूच्या बापाला बी बोलले न्हवते. माजं लेकरू बाजारात मांडलंस तू."

"तुमचं चांगलं सांगावं म्हणून लिहिलं वो आत्या. नाव न देता लिहिलं. पुसलं पण होतं."

"माजं चांगलं सांग म्हनून तुला कुनी सांगितलं हुतं?"

आता बाईचं बाकी सगळं चूक धरा, पण हा एक प्रश्न बरोबर होता. उत्कर्षा रडायला लागली. सोजरबाई रडल्या नाहीत. त्यांनी सूप पुढ्यात ओढलं आणि निवडलेलीच ज्वारी पुन्हा निवडायला लागल्या.

रात्रीपर्यंत उत्कर्षानं जमेल ते केलं. चॅनलला कळवलं की हे माझं आहे, काढा. उत्तर यंत्राचंच आलं: मजकूर तुमचा असल्यास पूर्ण नाव, पत्ता आणि ओळखपत्रासह तक्रार करा. म्हणजे निनावी राहायचं म्हणून धडपडायचं, तर आधी नाव सांगा! तिनं 'उत्कर्षा' एवढं लिहिलं आणि अर्ज बंद केला. 'चुलीपल्याड'च्या चालकबाईंना लिहिलं. त्यांनी बदामाची दोन चित्रं पाठवली आणि म्हटलं, 'बाहेरच्या चॅनलशी आपला संबंध नाही. वाद नको म्हणून तुमची पोस्ट काढून टाकली आहे.' पोस्टीबरोबर ते सहाशे 'जा ताई'ही गेले. आम्ही आहोत म्हणणाऱ्या कुठं होत्या, देव जाणे.

शुक्रवारी सकाळी कपाटाची किल्ली हरवली.

सोजरबाईंनी स्वतःच सांगितलं. शोधलीसुद्धा स्वतःच. गाद्या उचलल्या, मोरीच्या जाळीत हात घातला, देवाला साखर ठेवली. तीस वर्षं कमरेला असलेली किल्ली एका रात्रीत कुठं जाते? उत्कर्षा दारात उभी राहून बघत होती, आणि सोजरबाई तिच्याकडं न बघता म्हणत होत्या, "वयच झालं माजं. कुटं पडली की काय की." एक शिवी दिली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर उत्कर्षाला भांडता तरी आलं असतं.

रविवारी तिनं ऋतुराजला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जेऊर? आणि तितं राहायचं? आधी बोलायचंस की गं." गोष्टीचं ऐकल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो, "त्यात माझं नाव हाय का?" नाही म्हटल्यावर त्याला बरंच हलकं वाटलं.

"किल्ली, ऋतुराज. उद्या पाचच्या आत."

"हरवलीय म्हंती ना आई. मग ती काय करणार? मंगळवारी सुट्टी टाकतो, किल्लीवाल्याला घेऊन येतो. एक दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"सोमवार आहे शेवटचा. मंगळवार नाही."

"मी आईला चोर म्हणू का मग?" तो म्हणाला, आणि मोबाईल घेऊन खाली गेला.

सोमवारी सकाळी उत्कर्षा स्वतः जाऊन किल्लीवाल्याला घेऊन आली. सिद्धराम त्याचं नाव, म्हातारा माणूस, चौकात पेटी घेऊन बसायचा. तो जिना चढून वर आला, तेव्हा सोजरबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आरडाओरडा नाही, काही नाही. "दादा, घरात गडीमानूस न्हाय," त्या म्हणाल्या. "माज्या मालकाचं कपाट हाय. लेक आल्याबिगर फोडायचं न्हाय."

"माझे कागद आहेत वो आत," उत्कर्षा म्हणाली. "माझी सर्टिफिकेटं. माझ्या नावाची."

सिद्धरामनं एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "घरातलं घरात मिटवा ताई," तो म्हणाला, "मग बोलवा. मी हाय की चौकात." त्यानं जिन्यावर टेकवलेली पेटी पुन्हा खांद्याला लावली आणि उतरून गेला.

दुपारी तिनं कार्यालयात फोन लावला. मूळ कागद पाहिजेतच, तिथला माणूस म्हणाला, मुदतवाढ पाहिजे तर समक्ष येऊन अर्ज द्या, कारण लिहा. काय कारण लिहायचं? सासूनं किल्ली हरवली? तरी ती साडी बदलून निघाली. पुढच्या खोलीत सोजरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात सूप नव्हतं, मोबाईल नव्हता. "जा," त्या म्हणाल्या. "मी कुटं धरून ठिवलीया? जा आन त्यास्नी बी सांग माज्या निंगीचं." उत्कर्षाचा चपलेत घातलेला पाय तिथंच थांबला. जावं असं वाटत होतं आणि जाववत नव्हतं. स्वतःचा इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. ती दाराशीच खाली बसली. घड्याळात पाच वाजले, मग सव्वापाच.

बुधवारी किल्ली ज्वारीच्या डब्यात सापडली. "बघ की, कुटं पडली हुती," सोजरबाई म्हणाल्या, आणि सर्टिफिकेटं काढून त्यांनी उत्कर्षाच्या हातात दिली. "ठेव तुज्यापाशीच."

पंधरा दिवस घरात गोष्टी बंद होत्या. मग एका दुपारी सोजरबाईंनी मोबाईल पुन्हा तांब्याला टेकवला, आणि चॅनलनं समोर आणून ठेवला तो दुसरा भाग. लोकांनी फार मागितला म्हणून. कुणी लिहिला, देवाला ठाऊक. ह्या भागात सून नोकरीवर गेली, आजारी पडली, आणि एका संध्याकाळी परत येऊन सासूच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, 'आई, मला पगार नको, तुमच्या हातचा घास हवा.' पुढच्या येळवशीला बाभळीखालचा घास सुनेनं ठेवला.

सोजरबाई ऐकताना ढसाढसा रडल्या. गुरुवारी न रडलेलं सगळं आत्ता रडल्या. "तू लिवलंस व्हय गं ह्ये?"

"नाही आत्या. मी नाही."

"कुनी का लिवंना. चांगलं लिवलंय." त्यांनी नाक पुसलं. "वाच की, बाया काय म्हंत्यात."

उत्कर्षा शेजारी बसली आणि वाचायला लागली. 'डोळ्यांत पाणी आलं.' 'अशी सून सगळ्यांना मिळो.' 'शेवटी घर ते घर.' तिचा आवाज त्या यंत्रासारखाच सपाट येत होता. सोजरबाई मान हलवत होत्या, "बरुबर हाय. बरुबर बोलली." मग म्हणाल्या, "आन त्या पैल्या गोष्टीखाली? तितं लई जनी बोलल्या असतील. माज्या नावानं बोटं मोडली असतील. वाच, ऐकू तरी."

उत्कर्षानं पहिली गोष्ट काढली. सगळ्यांत वर, अकरा हजार लोकांना आवडलेलं, चॅनलनं टाचणी लावून ठेवलेलं एक वाक्य होतं. तिनं ते वाचलं. "जा गं बाई. कुणाची वाट बघतीस? सासू दोन दिस रडंल आन गप बसंल. किल्ली काढून घे आन जा. माझ्यासारखं चुलीम्होरं म्हातारी होऊ नकोस."

"कोन गं ही आगलावी?" सोजरबाई उसळल्या. "दुसऱ्याच्या घरात काडी टाकाया हिचं काय जातंय? नाव काय तिचं?"

"सोजरबाई."

"कंची सोजरबाई?"

"तुमीच, आत्या. तुमी सांगितलं, मी लिहिलं."

खालून भंगारवाला ओरडत गेला. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला, मग काढला. "पूस त्ये," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता पूस."

उत्कर्षानं मोबाईल त्यांच्या मांडीवर ठेवला. "तुमचं हाय. तुमीच पुसा," ती म्हणाली, आणि गच्चीवरचे कपडे आणायला निघून गेली.

सोजरबाई मोबाईल दोन्ही हातांत धरून बसल्या. अंगठ्यानं वर सारलं, खाली सारलं. बायकांनी लिहिलेल्या ओळींवर ओळी सरकत होत्या, आणि त्यातली आपली कुठली, हे त्यांना कळत नव्हतं.